चार हात अंतर

वासुदेवरावांना जेवताना इतिहास सांगायची भारी हौस. आणि तोही कसला, तर जिभेचा. खऱ्याखुऱ्या, वाळलेल्या जिभेचा.

"याच हेगमध्ये गं, मंजूषा," आमटीभात कालवता कालवता ते सुनेला सांगायचे, "साडेतीनशे वर्षांपूर्वी योहान द विट म्हणून कारभारी होता. राज्यही हाकायचा आणि गणितंही सोडवायचा. युद्धात देश बुडायची वेळ आली तसे लोक पिसाळले. त्याला आणि त्याच्या भावाला भर रस्त्यात ठार मारलं, आणि तुकडे तोडून घरोघरी नेले. जीभ अजून आहे म्हणतात इथल्या संग्रहालयात. ज्या जिभेने राज्य चालवलं, ती काचेच्या पेटीत! काय?" आणि हे 'काय' म्हणताना बोटाला लागलेला भात मुळापासून टोकापर्यंत चाटून घ्यायचे.

मंजूषा ताटावरून नजर काढून घ्यायची. जिभेचं तिला काही नव्हतं. भारतातून येणाऱ्या पर्यटकांना हेग आणि डेल्फ्ट पायी हिंडवून जुन्या गोष्टी सांगायच्या, हा तिचा कोरोनापूर्वीचा धंदाच होता. ती जीभ तिने कितीतरी जणांना दाखवली होती. तिला किळस यायची ती सासऱ्यांच्या ताटाची. कारण त्या ताटातला भात तिच्या हातचा नसायचा.

आता हे कसं झालं ते सांगायलाच हवं. वासुदेवराव म्हणजे पुण्यातले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. फेब्रुवारीत मुलाकडे, यतीनकडे, तीन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. बसले अडकून. येताना बॅगेत पुस्तकं आणली, आणि पुस्तकांच्या खाली गुंडाळून एक छोटा कुकर आणि एक चांदीचं फुलपात्र. "वय झालं, पथ्य आहे," असं म्हणाले. बरं, म्हणाले तर म्हणाले. मग कोरोना आला आणि पथ्याला तर सोन्याचे दिवस आले. "आता काय, डॉक्टरच सांगतायत, ज्याचं त्याने वेगळं ठेवा!" त्यांचा भात, त्यांची आमटी यतीन वेगळी लावायचा. दोन मीटिंगांच्या मधे कानाला हेडफोन लावून वरून धावत यायचा, शिट्ट्या मोजायचा आणि परत वर पळायचा.

मंजूषानेही आधी कोरोनाच समजून घेतलं. पण डोळे मिटून किती दिवस दूध पिणार? तिने सिंकचा नळ सोडला की सासरे सॅनिटायझरची बाटली घेऊन यायचे आणि दोन बोटांनी नळावर शिंतोडे उडवायचे. गंगाजल शिंपडतात ना, तसे. यतीनने नळ सोडला की बाटली जागची हलायची नाही. फ्रीजच्या दाराचंही तेच. सुपरमार्केटमधून यतीन पिशव्या घेऊन आला तर, "आलास? दमलास रे," आणि ती आली तर चार पावलं मागे. एकदा झालं, दोनदा झालं, मग तिने बघणंच सोडून दिलं.

पुण्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. तिथे स्वयंपाकाला बाई होत्या आणि मंजूषा जायची ती पाहुणी म्हणून. शिवाय वासुदेवराव सुधारक. मुलाने जातीबाहेर लग्न केलं, आणि बाहेर म्हणजे पार वेशीबाहेर, तेव्हा त्यांनी मांडवात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत केलं. वर एका दिवाळी अंकात लेख लिहिला, 'आमच्या घरात आलेली समता'. लेखात सुनेचा फोटो. अहो, समता घरात आली खरी, पण स्वयंपाकघरात शिरली नव्हती एवढंच.

मंजूषाच्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा मिळायचा तो बाहेर उभं राहून. कान तुटलेला एक कप वळचणीला खिळ्याला टांगलेला असायचा. तो आपण काढायचा, आपण धुवायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा आणि पुन्हा टांगायचा. वडिलांनी गाव सोडलं, नोकरी धरली, लेकीला शिकवलं. त्या कपाची गोष्ट त्यांनी तिला एकदाच सांगितली, तीही भिंतीकडे बघत. मंजूषाने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, ही गोष्ट आपल्यापाशी संपवायची. आपल्या पोरीला तो कप माहीत व्हायला नको. म्हणून तर सातासमुद्रापलीकडे आल्यावर तिला इतकं हलकं वाटलं होतं.

पोरगी म्हणजे चैत्राली. दहा वर्षांची, मराठी सगळं कळायचं पण उत्तर डचमध्ये. आजोबा आल्यापासून त्यांच्या मागे मागे. आजोबांचं फुलपात्र भरून द्यायचं काम तिचं होतं आणि तिला त्याचा भारी अभिमान.

जूनमधली दुपार. वासुदेवरावांनी पाणी मागितलं, चैत्राली चित्र काढत होती, म्हणून मंजूषाने उठून फुलपात्र भरलं. भरते न भरते तोच पोरगी ताडकन उठली. तिने आईच्या हातातून फुलपात्र घेतलं, पाणी सिंकमध्ये ओतून दिलं, आतून विसळलं, बाहेरून विसळलं, फ्रॉकला पुसलं आणि नव्याने भरलं.

"अगं, हे काय?" मंजूषाने विचारलं.

"तू नाही हात लावायचा. तुझ्या हाताने पाणी खराब होतं," चैत्राली डचमध्ये म्हणाली. सायकलने डावीकडे वळताना हात दाखवायचा असतो हे सांगावं तितक्या सहज. "आजोबांनी शिकवलंय."

"आणि तुझ्या हाताने?"

"माझ्या नाही. मी त्यांची आहे."

मंजूषा बाथरूममध्ये गेली आणि तिला खरंच उलटी झाली. कान तुटलेला तो कप सातासमुद्रापलीकडून बॅगेत बसून आला होता, आणि धुवायला हात कोणाचे? तिच्याच लेकीचे.

त्या संध्याकाळी तिने यतीनला गाठलं. "तुझे वडील माझ्या मुलीला माझा विटाळ शिकवतायत."

"काहीतरीच काय! कोरोना आहे, घाबरलेत ते."

"मग तुझ्या हातचं कसं चालतं? तूही जातोस ना बाहेर?"

यतीन लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिला. "जाऊ दे ना गं. विमानं सुरू झाली की जातीलच. आता या वयात कुठे बदलणार? तू दुर्लक्ष कर."

"मी करीन रे दुर्लक्ष. चैत्रालीचं काय? ती काय दुर्लक्ष करायला शिकतेय?"

मीटिंगची घंटी वाजली आणि यतीनने इतक्या घाईने हेडफोन कानाला लावला की मंजूषाला त्याचीही शिसारी आली.

मग तिने आपल्या परीने एक केलं. तिला एक गोष्ट येत होती ती तिने लेकीला सांगितली. डेल्फ्टच्या लेवेनहुकची. कापडवाला माणूस, लॅटिन येत नव्हतं, कुठल्या विद्यापीठात गेला नाही. कापडाचा धागा बघायला भिंग वापरायचा, मग स्वतःच भिंगं घडवायला लागला. आणि एकदा त्याने स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून भिंगाखाली धरलं. नंतर एका म्हाताऱ्याचं घेतलं, ज्याने जन्मात दात घासले नव्हते. वळवळणारे जीवच जीव!

"ई!" चैत्राली आनंदाने किंचाळली.

"ई तर ई. पण त्याने काय केलं माहितेय? कोण काय म्हणतं ते ऐकून सोडून नाही दिलं. स्वतः बघितलं."

चैत्रालीने वाढदिवसाला मिळालेलं खेळण्यातलं सूक्ष्मदर्शक काढलं आणि आठवडाभर घरातल्या सगळ्यांचे दात खरवडले. आजोबांच्या कवळीलाही सोडलं नाही. पण फुलपात्र मात्र ती विसळतच राहिली.

ऑगस्टमध्ये गणपती आले. मंजूषाने उकडीचे मोदक केले. तांदळाची पिठी, नारळ, गूळ, सगळं शोधून शोधून आणून. वासुदेवरावांनी ताटाला दुरून हात जोडले. "सुरेख दिसतायत हो. पण मला नको. बाहेर फिरणाऱ्याच्या हातचं, या दिवसांत..."

तेवढ्यात बेल वाजली. मोरेश्वर. तिथल्या मराठी लोकांच्या छोट्याशा मंडळाचे अध्यक्ष, राहायला ट्रामने वीस मिनिटांवर. हातात स्टीलचा डबा, नाकाला मास्क नाही, आल्या आल्या फटाके उडावेत तशा तीन शिंका. "गवताची अॅलर्जी हो, दुसरं काही नाही!" म्हणत त्यांनी तळहाताने नाक पुसलं, तोच हात पँटला पुसला, आणि त्याच हाताने डबा उघडून मोदक उचलला. "घ्या वासुदेवराव. आमच्या घरचा प्रसाद. सोवळ्यात केलाय हं."

वासुदेवरावांनी तोंड उघडलं. मोरेश्वरांनी मोदक सरळ त्यांच्या तोंडात घातला. तुपाचा ओघळ हनुवटीवर आला तो मोरेश्वरांनीच अंगठ्याने टिपला आणि अंगठा चाटला. "वा वा!" वासुदेवराव म्हणाले. "काय सुवास!"

मंजूषा हातात ताट घेऊन उभी होती. आता तिला कसलीच शंका उरली नव्हती. तिची नजर गेली ती चैत्रालीकडे. पोरगी तोंड उघडं टाकून आजोबांकडे बघत होती, मग आईच्या मोदकांकडे, मग पुन्हा आजोबांकडे.

मोरेश्वर गेल्यावर मंजूषाने सरळच विचारलं. "बाबा, त्यांच्या हातचा चालला?"

"अगं, ते आपले आहेत."

"आणि मी?"

वासुदेवराव हसले. समजूतदार, प्रेमळ हसले, त्याचाच तर राग येतो. "तू उगाच मनाला लावून घेतेस. हा आरोग्याचा विषय आहे. तुझ्याविषयी तर मी लेख लिहिला होता."

मोरेश्वर आले होते ते व्याख्यानाचं ठरवायला. मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा सगळंच झूमवर. रविवारी दुपारी वासुदेवरावांचं भाषण, 'युरोपला डोळे देणारी माणसं'. चित्रं मंजूषाची. ती सायकल काढून काढून फोटो घेऊन आली होती. डेल्फ्टचा कालवा, हेगच्या पाविलयुन्सखराख्ट रस्त्यावरचा स्पिनोझा या तत्त्वज्ञाचा पुतळा, तो जिथे वारला ते घर. आता म्हणाल, एवढं झाल्यावर मदत कशाला करायची? तर यतीन गयावया करत होता हे एक. आणि दुसरं म्हणजे चैत्राली आजोबांच्या शेजारी बसून ऐकणार होती. वाळीत टाकलेल्या स्पिनोझाची गोष्ट तिच्या कानावर पडायलाच हवी, मग सांगणाऱ्याचं तोंड कसलंही असो, असं मंजूषाला वाटलं.

रविवारी वासुदेवराव झब्बा घालून टेबलाशी बसले. पुढे लॅपटॉप, उजव्या हाताला चांदीचं फुलपात्र, डाव्या हाताला स्टुलावर नात. मंजूषा कॅमेऱ्याच्या बाहेर, टेबलाच्या कडेला, चित्रं पुढे सरकवायला. यतीन मागे सोफ्यावर. पडद्यावर चौकोनच चौकोन. युट्रेख्टची मंडळी, नायमेखनची मंडळी, पुण्याहून नातेवाईक, कोणाच्या मागे गणपती, कोणाच्या मागे वाळत घातलेले कपडे.

आवाज मात्र म्हाताऱ्याचा खणखणीत. लेवेनहुक आला, दातांचं किटण आलं, चौकोनांमधून 'ई' आलं. आणि मग म्हणाले, "पण मंडळी, यात नवल ते काय? आपल्या आज्यांनी भिंगाशिवाय हे ओळखलं होतं! सोवळं-ओवळं म्हणजे काय? शिवू नको, लांब राहा, वेगळं भांडं. हे आज सगळं जग करतंय. दीड मीटर! आपण हजारो वर्षं करत होतो, आणि आम्हाला नावं ठेवली!"

चौकोनांमधून टाळ्यांचे पिवळे हात उगवले. मोरेश्वरांनी तर अंगठा नाचवला. मंजूषाचा हात चित्र सरकवता सरकवता थांबला. करत होता! कोणाशी करत होता, ते सांगा ना! जंतूंशी करत होता की माझ्या आजोबांशी? तिने दात आवळून चित्र पुढे सरकवलं.

स्पिनोझाचा पुतळा आला. आणि काय सांगावं, वासुदेवराव इथे फार छान बोलले. गळा भरून आला त्यांचा. "तेवीस वर्षांचा पोरगा हो! स्वतःच्या डोक्याने विचार केला म्हणून अॅमस्टरडॅमच्या त्याच्या ज्यू समाजाने त्याला वाळीत टाकलं. शब्द ऐका. कोणी त्याच्याशी बोलू नये. कोणी त्याच्याबरोबर एका छपराखाली राहू नये. कोणी त्याच्या चार हातांच्या आत येऊ नये. चार हात, मंडळी! माणसाने माणसाला चार हात लांब ठेवायचं! आणि हा माणूस शांतपणे भिंगं घासत राहिला. आपण स्वतःला विचारायला हवं..."

काय विचारायला हवं ते राहूनच गेलं, कारण त्यांना ठसका लागला. साधासुधा नाही, चांगला जोरदार. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. फुलपात्राकडे हात गेला तर ते रिकामं.

मंजूषा कसलाही विचार न करता उठली. माणूस गुदमरत असला की पाणी द्यायचं, एवढंच तिला कळलं. नळाखाली काचेचा ग्लास भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

वासुदेवरावांनी ग्लासकडे बघितलं. खोकत खोकत कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि हात आडवा केला. "नको... राहू दे... नको."

जीव कासावीस झाला होता, डोळे बाहेर यायचे बाकी होते, पण हात आडवा तो आडवाच.

मग चैत्राली उठली. तिने आईच्या हातातला ग्लास घेतला, बाहेरून फ्रॉकला पुसला, त्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं आणि फुलपात्र आजोबांना दिलं. वासुदेवराव ते घटाघटा प्यायले. तेच पाणी. अर्धं पिऊन थांबले, श्वास घेतला, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पडद्याकडे बघून हसले. "आमची नात. परदेशात वाढली, पण वळण बघा! हां, तर कुठे होतो आपण? चार हात."

मंजूषाला वाटलं होतं की असं काही झालं तर आपण ओरडू, रडू, लॅपटॉप आपटू. तसं काही झालं नाही. फक्त किळस इतकी वरपर्यंत भरली की भीतीला आत जागाच राहिली नाही. ती दोन पावलं पुढे होऊन कॅमेऱ्यासमोर आली. तिने फुलपात्र उचललं. वरून नाही, ओठ लावून, कडेला पुरते ओठ टेकवून एक मोठा घोट घेतला. घटकन आवाज झाला. मग फुलपात्र होतं तिथे, त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं.

"सांगा बाबा पुढे," ती म्हणाली. "चार हात लांब ठेवतात ते कोणाला? कोणाकोणाला?"

वासुदेवरावांचं तोंड उघडं होतं. मागे सोफ्यावरून यतीन उठून उभा राहिला होता, पण पुढे आला नाही. पडद्यावरचा एकही चौकोन हलेना.

"वासुदेवराव," मोरेश्वर म्हणाले, "आवाज येत नाहीये. म्यूट झालात वाटतं."

म्यूट नव्हते ते. माईक चालू होता.

चैत्रालीने फुलपात्र उचललं आणि ती सिंककडे चालू लागली. मंजूषाची नजर तिच्या मागे गेली. झालं. विसळणार आता. सगळ्यांसमोर, आईचे ओठ लागले म्हणून. एवढ्या लोकांना काय वाटेल याची तिला आता फिकीर नव्हती. पण ही जर आज विसळेल, तर जन्मभर विसळत राहील. हाक मारावी असं तिला वाटलं, आणि तिने मारली नाही.

चैत्राली सिंकपाशी थांबली. फुलपात्रात तळाला घोटभर पाणी उरलं होतं. तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं. एक डोळा मिटून आत बघितलं, तिरकं करून बघितलं, हलवून बघितलं, नाक लावून वास घेतला. आजोबा काही म्हणायच्या आत तिने आई जिथे प्यायली होती तिथेच ओठ लावले आणि पाणी संपवलं. क्षणभर थांबून ती तोंडातली चव बघत राहिली. मग आजोबांकडे वळली, आणि त्यांना नीट कळावं म्हणून मुद्दाम मराठीत, मोठ्याने म्हणाली,

"आजोबा, साधंच पाणी आहे."